दोघांत एकच बंदूक: अमेरिकेत मुलांना शिकार शिकवणारं ‘मेंटॉर्ड हंटिंग’ म्हणजे काय?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात बारा वर्षांखालच्या मुलाला शिकारीचा नेहमीचा परवाना मिळत नाही. तरीही २००६ पासून तिथे दुसरी-तिसरीतली मुलंसुद्धा कायदेशीरपणे शिकार करतात. त्यासाठी सोबत किमान २१ वर्षांचा परवानाधारक शिकारी असावा लागतो. मुलाच्या हातात बंदूक असेल, तेव्हा हात लांब केला की मूल हाताला लागेल एवढ्याच अंतरावर त्याने राहायचं असतं. या पद्धतीला तिकडे ‘मेंटॉर्ड हंटिंग’ म्हणतात. म्हणजे जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, त्याच्या जबाबदारीवर केलेली शिकार.

केशरी जॅकेट घातलेलं मूल आणि शेजारी पडलेलं हरीण, असा फोटो फिरत फिरत भारतीय मोबाइलवर आला की पहिला प्रश्न येतो, ‘आईबापांना अक्कल आहे का?’ प्रश्न चुकीचा नाही. पण या प्रकारामागे फक्त आईबाप नाहीत. राज्य सरकारचा वन्यजीव विभाग आहे, कायदा आहे आणि बराच पैसाही आहे.

आधी परीक्षा, मग जंगल

शिकार ही अमेरिकेच्या ग्रामीण भागात घरातून शिकायची गोष्ट होती. बाप, आजोबा, काका यांच्यामागे मूल रानात जायचं आणि बघून बघून शिकायचं. यात अपघात होत. झुडपात हललं म्हणजे हरीण, असं समजून माणसावर गोळी झाडल्याचे प्रकार होत. १९४९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नव्या शिकाऱ्यांसाठी प्रशिक्षण सक्तीचं केलं आणि पुढच्या काही दशकांत बाकीची राज्यं त्या वाटेने गेली. यालाच ‘हंटर एज्युकेशन’ म्हणतात: काही तासांचा अभ्यासक्रम, शेवटी परीक्षा, पास झाल्याचं कार्ड. कार्ड असेल तर परवाना.

या अभ्यासक्रमाचा गाभा चार नियमांत आहे. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवायची. नेम कशावर आहे आणि त्याच्या मागे काय आहे, दोन्ही नीट दिसल्याशिवाय गोळी झाडायची नाही. आणि झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही.

प्रशिक्षण आणि केशरी कपड्यांची सक्ती यांचा परिणाम दिसला. पेनसिल्व्हेनियात शिकारीतल्या अपघातांची नोंद १९१५ पासून ठेवली जाते. बंदुकीच्या अपघातात एकही मृत्यू न झालेलं पहिलं वर्ष उजाडलं ते २०१२ मध्ये. त्याला जवळपास शंभर वर्षं लागली.

पण या व्यवस्थेत एक अडचण होती. ज्याला शिकार आवडेल की नाही हेच माहीत नाही, त्याने आधी अभ्यासक्रमात वेळ घालवायचा, परीक्षा द्यायची आणि मग रानात पाऊल टाकायचं. शिकारी घरातलं मूल हे करतं. ज्याच्या घरात कुणी बंदूक धरलेली नाही, ते मूल दारातूनच परत फिरतं. शिवाय काही राज्यांत बारा वर्षांची अट होती. तोवर मुलांचं फुटबॉल, पोहणं, मोबाइल, सगळं ठरून गेलेलं असतं.

२००४ मध्ये ‘नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन’ (ही बंदूक उद्योगाची संघटना), शिकाऱ्यांच्या हक्कांसाठी काम करणारी ‘यू. एस. स्पोर्ट्समेन्स अलायन्स’ आणि ‘नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन’ यांनी मिळून ‘फॅमिलीज अफील्ड’ ही मोहीम सुरू केली. मागणी अशी की क्रम उलटा करा. आधी अनुभवी माणसासोबत रानात जाऊ द्या, आवडलं तर परीक्षा देतील. त्यानंतर एकेक करत बहुतेक राज्यांनी कायदे बदलले. काही ठिकाणी याला ‘अप्रेंटिस लायसन्स’ म्हणतात, काही ठिकाणी ‘मेंटॉर्ड परमिट’. नावं वेगळी असली, तरी मुलाने अजून न दिलेल्या परीक्षेची जागा शेजारच्या माणसाने भरून काढायची, ही कल्पना सगळीकडे एकच आहे.

मोहिमेत बंदूक उद्योगाची संघटना होती, ही गोष्ट टीकाकार आवर्जून सांगतात आणि ती सांगायलाच हवी. आजचा नवा शिकारी म्हणजे उद्याचं गिऱ्हाईक, हे त्या उद्योगाला न कळण्यासारखं नाही.

एकच बंदूक का?

पेनसिल्व्हेनियाच्या मूळ नियमांत सगळ्यात शहाणपणाचा नियम कुठला असेल, तर तो बंदुकीच्या संख्येचा. मेंटॉर आणि मूल, दोघांत मिळून एकच शस्त्र. एका मेंटॉरसोबत एका वेळी एकच मूल. चालताना बंदूक मेंटॉरच्या हातात. बसून नेम धरायची वेळ आली तरच ती मुलाच्या हातात.

यातला साधा हिशोब असा की मोठ्या माणसाकडे स्वतःची बंदूक असली, तर त्याचं लक्ष दोन ठिकाणी विभागतं. समोर मोठ्या शिंगांचा नर आला की वीस वर्षांची सवय जागी होते आणि शेजारचं मूल विसरलं जातं. बंदूकच एक असेल, तर तो त्या दिवशी शिकारी उरत नाही. त्याला करण्यासारखं एकच काम राहतं: मुलाकडे बघणं. बंदूक घेऊन चालताना घसरणं, कुंपण ओलांडताना तोल जाणं, नळी नकळत दुसरीकडे वळणं, हे धोकेही मुलाच्या वाट्याला येत नाहीत.

हेच तत्त्व केंद्र सरकारच्या एका जुन्या नियमात दिसतं. १९९६ पासून अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी खास मुलांचे दिवस राखून ठेवले जातात, बहुधा मोठ्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी. मुलासोबत प्रौढ व्यक्ती हवीच. पण त्या दिवशी त्या प्रौढाला बदकावर गोळी झाडता येत नाही.

टेक्सासने वेगळा मार्ग धरला. तिथली ९५ टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. अमेरिकेत जमीन कुणाचीही असली, तरी तिच्यावरचं रानटी हरीण मालकाचं नसतं. ते जनतेच्या वतीने राज्याच्या ताब्यात असतं. पण हरणापर्यंत पोचायला कुणाच्या तरी फाटकातून आत जावं लागतं. शहरातल्या मुलाला ते फाटक कोण उघडणार? १९९६ मध्ये ‘टेक्सास वाइल्डलाइफ असोसिएशन’ आणि राज्याचा ‘पार्क्स अँड वाइल्डलाइफ’ विभाग यांनी ‘टेक्सास यूथ हंटिंग प्रोग्राम’ सुरू केला. जमीनमालक आपली जागा देतात, प्रशिक्षित स्वयंसेवक शनिवार-रविवारचा मुक्काम चालवतात आणि ९ ते १७ वर्षांची मुलं पालकांसह येतात. इथे परीक्षेतून सूट नाही. मुलाने हंटर एज्युकेशन आधी पूर्ण केलेलं असावं लागतं. म्हणजे ‘मेंटॉर’ हा शब्द एकच असला, तरी पेनसिल्व्हेनियात तो परीक्षेऐवजी आहे आणि टेक्सासच्या या उपक्रमात परीक्षेनंतर.

प्रत्यक्ष रानात काय होतं?

बंदूक घेऊन जंगलात धावपळ, असं चित्र डोळ्यासमोर असेल तर ते बाजूला ठेवावं लागेल. मुलांच्या शिकारीतला बहुतेक वेळ बसण्यात जातो. आधी मैदानावर कागदी लक्ष्यावर सराव होतो. त्यात मुख्य प्रश्न ‘किती लांबून लागतं’ हा नसतो. ‘किती जवळून नक्की लागतं’ हा असतो. ज्या अंतरावरून मुलाचा नेम दर वेळी बरोबर बसतो, ती त्याची हद्द. रानात हरीण त्या हद्दीबाहेर असेल, तर गोळी झाडायची नाही. मुलांना धक्का कमी देणाऱ्या हलक्या रायफली दिल्या जातात. खांद्याला जोरात दणका बसला, की पुढच्या वेळी मूल चाप ओढण्याआधीच डोळे मिटतं.

पहाटे अंधारात जाऊन लपणात बसायचं. झाडावरच्या मचाणापेक्षा मुलांसाठी जमिनीवरचं, तंबूसारखं लपण बरं मानतात. मचाणावरून पडणं हे शिकाऱ्यांच्या जायबंदी होण्याचं एक मोठं कारण आहे. वारा कुठून येतोय ते बघायचं, कारण हरणाला माणूस दिसण्याआधी त्याचा वास लागतो. मग वाट बघायची. थंडी वाजते, पाय आखडतात, खाऊच्या पाकिटाचा आवाज होतो. पुष्कळदा काहीच येत नाही आणि दोघं रिकाम्या हाताने परततात.

हरीण आलंच, तरी ते आडवं उभं राहीपर्यंत थांबायचं, म्हणजे खांद्यामागच्या हृदय-फुप्फुसांच्या जागी नेम धरता येतो. मागे घर, रस्ता, दुसरं हरीण नाही ना, हे बघायचं. आणि मूल ‘नको’ म्हणालं, तर विषय संपला. चांगला मेंटॉर त्या ‘नको’चं कारण विचारत नाही. वाईट मेंटॉर कानात कुजबुजत राहतो, ‘मार, मार, जाईल ते.’ कायद्यात हातभर अंतर मोजता येतं. ही कुजबुज मोजायची सोय कुठल्याच कायद्यात नाही.

गोळी लागल्यावर खरा कठीण भाग सुरू होतो. हरीण बहुतेकदा जागीच पडत नाही; काही अंतर धावतं. रक्ताचा माग काढत जावं लागतं. जखमी जनावर सोडून घरी जायचं नाही, हे मुलाला इथेच शिकवतात. मग परवान्यासोबतचा ‘टॅग’ भरून जनावराला लावायचा. एक टॅग म्हणजे एक हरीण. सरकारला मोजदाद यातूनच मिळते. त्यानंतर पोट फाडून आतडी बाहेर काढायची, कारण उशीर झाला तर मांस खराब होतं. या वेळी काही मुलं रडतात, काहींना कुतूहल वाटतं, काहींना दोन्ही होतं. मांस घरी जातं, कारण रानटी हरणाचं मांस अमेरिकेत बाजारात विकता येत नाही. ते दान करता येतं. पेनसिल्व्हेनियात १९९१ पासून ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ ही संस्था शिकाऱ्यांनी दिलेलं मांस अन्नछत्रांपर्यंत पोचवते.

सरकारला यात एवढा रस का?

उत्तर १९३७ च्या एका कायद्यात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेतली रानं ओस पडली होती. पांढऱ्या शेपटीची हरणं काही लाखांवर आली होती. आज ती कोट्यवधींच्या घरात आहेत. या फेरबदलात ‘पिटमन-रॉबर्टसन’ कायद्याचा मोठा वाटा आहे. रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर असतो. या कायद्याने तो पैसा वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांकडे वळवला. पुढे पिस्तुलं (१० टक्के) आणि धनुष्यबाणही त्यात आले. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम वर्षाला एक अब्ज डॉलरच्या वर गेली आहे.

खर्चाचा तीन चतुर्थांश भाग केंद्र देतं, एक चतुर्थांश राज्याने घालायचा. राज्य तो मुख्यतः परवान्यांच्या विक्रीतून उभा करतं. आणि केंद्राच्या पैशाचं वाटप निम्मं राज्याच्या क्षेत्रफळावर, निम्मं परवानाधारक शिकाऱ्यांच्या संख्येवर ठरतं. म्हणजे शिकारी कमी झाले, की राज्याचं दोन्हीकडून नुकसान. पाणथळ जागा राखणं, प्राण्यांची गणना, हरणांतल्या रोगांवर लक्ष ठेवणं, ही कामं बऱ्याच अंशी या पैशावर चालतात.

आणि शिकारी कमी होत होते. ‘फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस’च्या पाहणीत २०११ मध्ये १६ वर्षांवरचे १ कोटी ३७ लाख शिकारी होते, २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख. २०२२ च्या पाहणीत आकडा १ कोटी ४४ लाख आला. पण पाहणीची पद्धत बदलली होती, त्यामुळे ‘शिकारी वाढले’ असा सरळ अर्थ त्यातून काढता येत नाही. जुनी पिढी निवृत्त होतेय आणि तिच्या जागी तेवढी मुलं येत नाहीत, ही चिंता कायम आहे.

पेनसिल्व्हेनियात या चिंतेपुढे परंपराही वाकली. तिथे हरणाचा बंदुकीचा हंगाम कित्येक दशकं थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि अनेक शाळा त्या दिवशी चक्क बंद असायच्या. पिट्सबर्ग-फिलाडेल्फियाकडे नव्याने राहायला गेलेल्या मराठी घरांत शाळेच्या कॅलेंडरमधली ही सुट्टी बघून भुवया उंचावायच्या. २०१९ मध्ये हंगामाची सुरुवात शनिवारवर आणली, म्हणजे नोकरी करणाऱ्या पालकांना आणि कॉलेजातल्या मुलांना जमावं. रविवारच्या शिकारीवरची जुनी बंदीही त्याच वर्षीच्या कायद्याने सैल व्हायला लागली.

मग टीका कशावर आहे?

प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांचा आक्षेप उघड आहे: मुलाला जीव घ्यायला शिकवूच नये. निधीच्या युक्तिवादावरही त्यांचं उत्तर आहे. शस्त्रांवरचा कर भरणारे सगळे शिकारी नसतात. घरात संरक्षणासाठी पिस्तूल घेणारा किंवा मैदानावर नेमबाजी करणारा माणूसही हा कर भरतो. त्यामुळे ‘शिकाऱ्यांच्या पैशावर जंगल जगतं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे.

पण जास्त बोलकी टीका शिकाऱ्यांच्याच गोटातून आली. ती विस्कॉन्सिनमध्ये. तिथे २००९ च्या कायद्याने दहा वर्षांवरच्या मुलांना मेंटॉरसोबत शिकारीची परवानगी दिली होती, दोघांत एकच शस्त्र या अटीवर. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथल्या विधिमंडळाने वयाची अट पूर्ण काढली आणि एका शस्त्राची अटही काढली. समर्थकांचं म्हणणं, आपलं मूल कधी तयार आहे हे आईबापांना सरकारपेक्षा जास्त कळतं. त्या पहिल्याच हंगामात दहा वर्षांखालच्या मुलांच्या नावे सुमारे १,८०० परवाने गेले आणि त्यांतले दहा चक्क एक वर्षही पूर्ण न झालेल्या बाळांच्या नावे होते.

तान्ह्या बाळाने काही शिकार केली नसणार. आठवण म्हणून कुणी परवाना घेतला असेल, किंवा बाळाच्या नावावरचा टॅग मोठ्यांनी वापरला असेल ही शंका होतीच. बातम्या बाळांच्या झाल्या आणि दुसऱ्या बदलाकडे फारसं कुणी बघितलं नाही. हातभर अंतराचा नियम राहिला, पण आता मेंटॉरच्या हातातही भरलेली बंदूक असू शकते. ज्या नियमामुळे मोठ्या माणसाला मुलाकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं, नेमका तोच गेला. वयाच्या अटीपेक्षा हा बदल जास्त धोक्याचा म्हणावा लागेल.

पेनसिल्व्हेनियाने साधारण उलट दिशा धरली. २०२० पासून सात वर्षांखालच्या मुलाला स्वतःचा टॅग मिळत नाही. मेंटॉरने आपल्या वाट्याचा टॅग त्याला द्यायचा असतो. मुलाच्या नावावर जास्तीचं हरीण मारायची सोय त्यामुळे संपली.

आणखी एक अडचण या उपक्रमांच्या आयोजकांनीच मान्य केली आहे. मुलांच्या शिबिरांना येणारी बरीचशी मुलं मुळात शिकारी घरांतलीच असतात. त्यांनी घरी शिकलंच असतं. आणि बाहेरून आलेलं मूल एका शनिवार-रविवारनंतर पुन्हा कुणासोबत जाणार? त्याला ना परवाना काढता येतो, ना गाडी चालवता येते. म्हणून अनेक राज्यांनी गेल्या दशकभरात मोर्चा प्रौढांकडे वळवला. पंचविशी-तिशीतली, मांस कुठून येतं याचं कुतूहल असलेली शहरी माणसं स्वतःच्या पैशाने परवाना काढतात आणि पुढे आपल्या मुलांनाही नेतात.

शाळेचा मुद्दा आणि २०२३ चा कायदा

हा विषय तिथे किती नाजूक आहे, ते एका प्रसंगातून दिसलं. २०२२ मध्ये टेक्सासच्या युवाल्डी गावातल्या शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर संसदेने बंदूक-सुरक्षेचा कायदा केला. त्यात शाळांमध्ये कुणालाही घातक शस्त्राचं प्रशिक्षण देण्यासाठी ठरावीक केंद्रीय निधी वापरायला मनाई होती. शिक्षण खात्याने २०२३ मध्ये याचा अर्थ असा लावला, की शाळांतले धनुर्विद्येचे आणि हंटर एज्युकेशनचे वर्गही त्यात येतात. दोन्ही पक्षांचे खासदार उठले. दुरुस्ती कायदा प्रतिनिधीगृहात ४२४ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अध्यक्ष बायडन यांनी त्यावर सही केली. बंदुकीच्या प्रश्नावर एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या संसदेत असं मतदान क्वचितच होतं.

भारतात असं काही होतं का?

कायद्याने नव्हतं, पण घरात होतं. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांची सुरुवात छर्‍याच्या बंदुकीने झाली. १९०८ च्या सुमारास मुंबईत लहानग्या सालिमने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि ती कुठली, हे घरात कुणाला सांगता येईना. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’त पाठवलं. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, कपाटं उघडून भरून ठेवलेले पक्षी दाखवले, वाचायला पुस्तकं दिली. मेंटॉर्ड हंटिंगचे समर्थक जे घडावं म्हणतात, ते इथे घडलं. फरक एवढाच, की मिलार्ड यांनी मुलाला पुढची शिकार शिकवली नाही. मारलेल्या पक्ष्याचं नाव शोधायला शिकवलं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचा प्रश्नच मिटवला. त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये, माणसाच्या जिवाला किंवा शेतीला धोका असणाऱ्या प्राण्याला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार वनाधिकाऱ्यांना आहे. रानडुकरं आणि रोही पिकं उद्ध्वस्त करतात, तेव्हा महाराष्ट्रातले शेतकरी याच तरतुदीकडे बोट दाखवतात. ही परवानगी ठरावीक जागेपुरती, लेखी आणि कारण नोंदवून दिलेली असते. तिच्यात मांसाची वाटणी नाही, हंगाम नाही, आणि सोबत शिकायला आणलेल्या मुलाला तर अजिबातच जागा नाही.